खोलीच्या तापमानाला या!

आमच्या सरांच्या खोलीत कुणीही धावत येऊन बोलायला लागलेलं चालायचं नाही. मग तो शिपाई असो, प्राचार्य असो, नाहीतर विद्यापीठातनं आलेला कुणी मोठा साहेब असो. दारातच कुणी "सर, एक अर्जंट..." म्हटलं रे म्हटलं, की सर चष्म्याच्या वरनं बघायचे आणि दाराजवळच्या लोखंडी स्टुलाकडं बोट दाखवायचे. "बसा. आधी खोलीच्या तापमानाला या. मग उघडा." उघडायचं म्हणजे तोंड. अर्धा तास तरी बसवायचे आणि तोवर स्वतः पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे.

मी एकदा पळत सांगायला गेले, की शेजारच्या खोलीत बर्नरनं पडदा पेटलाय. "सर, पडदा..." एवढंच म्हणू शकले. बोट, स्टूल, बस. थोड्या वेळानं धुराचा वास आला तसे सर स्वतःच उठले, बादलीभर पाणी ओतून पडदा विझवून आले, हात पुसत खुर्चीत बसले, घड्याळ बघितलं आणि मग म्हणाले, "हं, मलकापूर, आता बोल." आता काय बोलणार, कपाळ! म्हटलं, "काही नाही सर. पडदा विझलाय."

मलकापूर म्हणजे मी. सरांनी आयुष्यात कुठल्या विद्यार्थ्याला नावानं हाक मारली नाही, गावानं मारली. एकाच गावचे दोघं निघाले तर दुसऱ्याला शेजारचं गाव मिळायचं. एक बिचारा सांगलीचा असून एम.एस्सी.ची दोन्ही वर्षं मिरज म्हणून वावरला. त्याच्या लग्नाच्या पत्रिकेवर सांगली बघून सर मलाच विचारत होते, "अगं, मिरजेनं गाव कधी बदललं?"

घरीही तीच तऱ्हा. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा सरांनी सगळ्यांना ओळीनं बसवलं आणि स्वतः समोर गप्प बसून राहिले. पोहे आले, गार झाले. मुलाचे वडील घसा खाकरायचे, मामा छताचा पंखा बघायचा, मुलगा रुमालानं मान पुसायचा. अर्ध्या तासानं सर म्हणाले, "हं, आता विचारा." तर मुलाचे वडील हात जोडून म्हणाले, "काही विचारायचं नाही साहेब, मुलगी पसंत आहे." घाबरले होते हो ते! पण संसार चांगला झाला, आणि सर त्याचं श्रेय जन्मभर त्या अर्ध्या तासाला देत राहिले.

हे सगळं आलं कुठनं? फ्रीजरमधनं. आमचं काम पेप्टाइडवर चालायचं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा बारीकसा तुकडा. पार सुकवून, भुकटी करून, काचेच्या करंगळीएवढ्या बाटल्यांत येतो आणि कडक थंडीत ठेवावा लागतो. थंडी त्याची मैत्रीण, ओल वैरीण. आता गार पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला की त्याला घाम फुटतो, हे कुणालाही ठाऊक आहे. तसाच या बाटल्यांना फुटतो. झाकण बंद असेल तर घाम बाहेरच्या बाहेर राहतो आणि वाळून जातो. पण गार बाटलीचं झाकण घाईनं उघडलं, की हवेतली ओल आत शिरते, भुकटी चिकट होते आणि मेहनत गेली पंचगंगेत. म्हणून बाटली बाहेर काढायची, बंदच ठेवायची, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मगच उघडायची. नियम एवढाच. इतर लोक तो बाटलीपुरता पाळायचे, सरांनी तो अख्ख्या मनुष्यजातीला लावला.

ओलीशी तर त्यांचं हाडवैर. बाटल्यांच्या डब्यात ओल शोषून घ्यायला सिलिकाचे खडे घालतात. कोरडे असले की निळे, पाणी प्याले की गुलाबी. भट्टीत भाजले की पुन्हा निळे. सरांच्या शर्टाच्या खिशात या खड्यांची पुरचुंडी कायम असायची. एक छत्रीत, एक बुटात, एक पासबुकाच्या पिशवीत. पापडाच्या डब्यात एक सापडली तेव्हा सरांच्या घरच्या काकूंनी पुरचुंडीसकट डबाच अंगणात भिरकावला होता. माणसांचीही त्यांनी या रंगांवरनं वर्गवारी केली होती. कुणाचे डोळे भरून आले, कुणाचा आवाज कापरा झाला, की सर म्हणायचे, "गुलाबी झालाय. भाजून आणा." म्हणजे चहा पाजून आणा.

आणि फ्रीजर! कोल्हापुरात, राजारामपुरीत एक आइस्क्रीमचं दुकान बंद पडलं, तिथनं सरांनी तो आडवा, पेटीसारखा फ्रीजर उचलून आणला. झाकणावर कोन चाटणाऱ्या एका गुबगुबीत मुलीचं चित्र होतं आणि ते पुसायला सर तयार नव्हते. नवीन पोरं पहिल्या दिवशी हमखास विचारायची, "सर, पिस्ता आहे?" आमच्या संस्थेच्या चेअरमनना ते चित्र बघून लाज वाटली. चेअरमन गुळाचे व्यापारी, माणूस दिलदार, आवाज मार्केट यार्डाच्या या टोकाचा त्या टोकाला ऐकू जाणारा. त्यांनी एक उंच, चकचकीत नवा फ्रिज फीत बांधून पाठवून दिला आणि स्वतः उद्घाटनाला आले. "सर, ह्यो आपला बरफ आपणच वितळवतोय बगा! हात लावायला नको."

सर म्हणाले, "म्हणजे चोरून तापतो."

"आँ?"

"बर्फ वितळवायचा म्हणजे मधूनमधून गरम व्हायलाच पाहिजे. माझ्या बाटल्यांना ते रोजचं तापणं-निवणं चालायचं नाही. माझा जुना बरा. बर्फ धरतो, पण इमानदार आहे."

शास्त्र बरोबर होतं हो, पण उद्घाटनाच्या वेळी सांगायचं का? आणि सांगून थांबले असते तरी चाललं असतं. सरांनी त्या फ्रिजमध्ये आपला जेवणाचा डबा ठेवायला सुरुवात केली. पुढच्या खेपेला चेअरमननी कौतुकानं दार उघडलं, तर आत भरलं वांगं आणि सरांची छत्री. ते त्यांनी मनात धरलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत बातमी आली, की आमची प्रयोगशाळेची खोली कॉम्प्युटर क्लासला देणार. नव्वदचं दशक सरत आलं होतं, जो तो कॉम्प्युटर शिकायला धावत होता, आणि आमच्या खोलीत काय, तर कोनवाली मुलगी. चेअरमन म्हणाले होते, "दसरा झाला की बगू."

आता यात माझा जीव कसा अडकला ते सांगते. माझ्या पीएच.डी.चा शेवटचा प्रयोग ज्या पेप्टाइडवर होता, ते परदेशातनं मागवलेलं होतं. वर्षभर वाट बघून चार बाटल्या आल्या. पुन्हा मागवायचं म्हटलं तर पुन्हा वर्ष. आणि मलकापुरात आमच्या वडिलांनी, आबांनी, जाहीर केलं होतं, "दिवाळीपर्यंत काय व्हईल ते व्हईल. मग गाठोडं बांधायचं आणि घरला यायचं. शिकून शिकून पोरीचं केस पिकायला लागलं." म्हणजे बाटल्या गेल्या की मी गेले. रोज सकाळी आल्या आल्या मी त्या कोनवाल्या मुलीला मनातल्या मनात नमस्कार करायची. खोटं कशाला सांगू?

खंडेनवमीला आमच्या कॉलेजात प्रत्येक विभागात उपकरणांची पूजा व्हायची. सर देव मानत नसत, पण आड यायचे नाहीत. फ्रीजर बंदच ठेवायचा, वर हार घालायचा, चित्रातल्या मुलीच्या कपाळाला कुंकू लावायचं, झाली पूजा. त्या वर्षी सरांना बहिणीनं सकाळी हातकणंगल्याला बोलावलं होतं, त्यामुळं यायला उशीर झाला. आणि नेमके चेअरमन स्वतः पूजेला आले. खोली जायच्या आधी शेवटचं बघून घ्यावं, असाही हिशेब असेल.

आले आणि फ्रीजरसमोर उभं राहून म्हणाले, "हे काय? माल आत आन पूजा भायेरनं? आमी दुकानात तराजू, वजनं, सगळं काढून देवीम्होरं मांडतो. खोक्याची कसली पूजा करताय? काढा भायेर!"

मी म्हटलं, "साहेब, सर येऊ द्यात."

"सर आल्याबिगर देवी जेवायची न्हाई व्हय?"

आमच्या विभागाचे शिपाई, सगळे त्यांना मामा म्हणायचे, ते भलतेच भाविक. साहेबांचा शब्द आणि देवीचं काम, दोन्ही एकदम आल्यावर मामा कशाला थांबतात! फ्रीजर उघडून माझ्या चारही बाटल्या पाटावर, विड्याच्या पानांवर मांडल्या. मी आपली दोन्ही हात पसरून पाटाच्या आडवी उभी.

घटकाभरात बाटल्यांना घाम फुटला. काचेवर टपोरे थेंब. मामांनी बघितलं आणि बोंब मारली, "घाम आला! अंबाबाई पावली! बाटल्यास्नी घाम आला!" वाणिज्यचे लोक आले, कँटीनवाला आला, ग्रंथालयातल्या बाई चपला बाहेर काढून आल्या. कुणीतरी नारळ फोडला. मी ओरडून सांगत होते, की गार बाटलीला दव धरतंच, पण ऐकतंय कोण!

आणि चेअरमन म्हणाले, "मग झाकणं काढा की! झाकण लावून निवेद दावत्यात व्हय कुठं? देवीनं झाकणासकट खायाचं का?"

म्हणणं त्यांचं खोटं नव्हतं. नैवेद्याच्या ताटावरचं फडकंसुद्धा आपण बाजूला करतो. पण ती झाकणं त्या वेळी निघाली असती, तर माझं गाठोडंच बांधायचं. चेअरमननी पहिली बाटली उचलली आणि तेवढ्यात दारात सर उभे.

मला वाटलं, आता भडका. सरांनी पाटाकडं बघितलं, बाटलीवरच्या थेंबांकडं बघितलं, झाकणावर टेकलेल्या साहेबांच्या अंगठ्याकडं बघितलं. 'उघडू नका' म्हणायची सोय नव्हती. नको म्हटलं की आधी तेच करायचं, हा आमच्या चेअरमनांचा स्वभाव अख्ख्या कोल्हापुराला ठाऊक. सर शांतपणे पुढं आले, मामांच्या हातातलं निरांजनाचं ताट घेतलं आणि म्हणाले, "साहेब, आमच्याकडं आधी आरती, मग नैवेद्य. ती बाटली ठेवा खाली."

आणि सर आरती म्हणायला लागले! ज्या माणसानं देवळाच्या गल्लीतनंसुद्धा शब्दकोडं सोडवत जायचं, तो माणूस. आवाज असा, की निरांजनाची ज्योत थरथरली. पण आरती सुरू झाल्यावर कोण काय बोलणार? चेअरमननी बाटली ठेवली आणि टाळ्या धरल्या. पहिली आरती झाली. त्यांचा हात पाटाकडं जातो तोच सरांनी दुसरी धरली. मग तिसरी. सरांची नजर देवीच्या तसबिरीवर नव्हतीच, बाटल्यांवरच्या थेंबांवर होती. थेंब वाळले म्हणजे बाटली खोलीच्या तापमानाला आली, तोवर आरती संपता कामा नये. माझ्या ध्यानात आलं तशी मीही आवाज लावला. मलकापूरच्या आमच्या गल्लीतल्या सगळ्या आरत्या मी म्हणून टाकल्या. मामांच्या गावाकडच्या म्हणून झाल्या. मामांनी निरांजनात दोनदा तूप घातलं. घंटा वाजवणारा बदलला. कँटीनवाला भजी करपली म्हणत पळाला.

शेवटी सगळ्यांच्या सगळ्या आरत्या संपल्या. आणि बाटल्यांवर अजून ओल. चेअरमननी हात पुढं केला. सरांनी डोळे मिटले आणि त्याच चालीत, त्याच आवाजात सुरू केलं:

"ग्लायसीन, अ‍ॅलानीन, व्हॅलीन, ल्युसीन... आयसोल्युसीन, सेरीन, थ्रिओनीन, प्रोलीन..."

प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांची नावं! बी.एस्सी.ची पोरं घोकतात ती. दोन-तीन सोडली तर सगळी 'ईन ईन' करत संपणारी, त्यामुळं यमक फुकटात जुळलं. लोकांनी कडवं संपलं की 'जय देव जय देव'चं ध्रुवपद उचलायला सुरुवात केली. ग्रंथालयातल्या बाईंनी मला हळूच विचारलं, "कानडी आहे का गं?" मी काही बोलायच्या आत चेअरमननी मागं वळून दम दिला, "संस्कृत हाय! टाळ्या वाजवा." मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. सरांचा घसा पार बसला होता आणि कपाळावरनं घाम गळत होता. हा माणूस माझ्यासाठी हे करतोय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

काच कोरडी झाली. सरांनी बोट लावून बघितलं, ताट खाली ठेवलं आणि स्वतःच्या हातानं एका बाटलीचं झाकण काढून साहेबांसमोर धरलं. "एक उघडली तरी पावतं," म्हणाले.

चेअरमननी एक डोळा मिटून आत बघितलं. उजेडाकडं धरून बघितलं. मग म्हणाले, "रिकामी हाय की वो ही!"

आता पेप्टाइड असतंच केवढं! मिठाच्या चार कणांएवढी भुकटी, काचेच्या तळाला पुसट चिकटलेली. माहीत असेल त्यालाच दिसावी. सगळे माना उंचावून बघायला लागले. एवढा वेळ जिच्यासाठी आरत्या म्हटल्या, ती रिकामी बाटली? मी सरांकडं बघितलं.

आणि मामा गरजले, "घेतला! निवेद घेतला देवीनं!"

सरांनी तोंड उघडलं. मी मनातल्या मनात म्हटलं, नको सर! कारण हा माणूस खोटं खपवून घेणारा नव्हता. तपासणीला समिती आली होती तेव्हा यांनीच पुढं होऊन सांगितलं होतं, "हा तराजू खोटं बोलतो, आणि ते कोपऱ्यातलं यंत्र शेजारच्या कॉलेजातनं आजच्यापुरतं मागून आणलंय." प्राचार्यांना तेव्हा खुर्चीवर बसवून पाणी पाजावं लागलं होतं. सर आता काय बोलतात? सरांचे ओठ हलले, ते माझ्याकडं बघत राहिले, आणि मग त्यांनी तोंड मिटलं. बाटलीला झाकण लावलं. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सांगतो. जरा खोलीच्या तापमानाला येऊ द्या."

चेअरमन क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिले. मग मोठ्यांदा म्हणाले, "बगताय काय? हात जोडा सगळ्यांनी!"

देवी जेवलेल्या खोलीत कॉम्प्युटर क्लास काढायची कुणाची छाती? कॉम्प्युटर टेबलटेनिसच्या खोलीत गेले. माझा प्रयोग दिवाळीआधी पार पडला, भुकटी कोरडी ठणठणीत निघाली. मी डॉक्टर झाले. आबा मलकापुरात सगळ्यांना सांगत फिरले, "पोरीला डिग्री मिळाली, पर सुई टोचायला न्हाई येत तिला."

सरांना मात्र ते मिटलेलं तोंड टोचत राहिलं. काही वर्षांनी ते निवृत्त झाले, आणि पुढच्याच आठवड्यात मला म्हणाले, "मलकापूर, चल. एक बाटली उघडायची राहिलीय." आम्ही मार्केट यार्डात चेअरमनांच्या दुकानी गेलो. भिंतीला गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, रचलेले, गादीवर चेअरमन. आता ते थकले होते, पण आवाज तोच. "या की सर! च्या सांगू?" सर बसले आणि गप्प. पाच मिनिटं, दहा मिनिटं. चेअरमन घाबरले. "काय वो, बरं हाय न्हवं?"

मी म्हटलं, "येतायत. खोलीच्या तापमानाला."

बऱ्याच वेळानं सर बोलले. "साहेब, ती बाटली रिकामी नव्हती. भुकटी होती आत, डोळ्याला दिसत नाही एवढीशी. देवीनं काही घेतलं नव्हतं. घाम म्हणजे नुसतं दव. आणि शेवटी मी म्हटलं ते संस्कृत नव्हतं. मी त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. गप्प बसलो."

चेअरमननी गुळाचा एक खडा फोडला, सरांच्या हातावर ठेवला.

"सर, जलमभर देवीला निवेद दावतोय मी. त्यातला कण कमी झाल्याला आजवर बघितला न्हाई. आन त्ये ग्लायसीन-फायसीन मला सांगताय व्हय? माझं पोरगं बी.एस्सी.ला हुतं तवा म्हैनाभर घरात त्येच घोकत हुतं. म्हातारीला बी पाठ झाल्यात ती नावं."

सरांनी तोंडाजवळ नेलेला गूळ खाली घेतला. "मग तुम्ही संस्कृत म्हणून..."

"मग काय करणार? तुमी माझ्या घरच्या सत्यनारायणाला आलासा, तर भायेर चपलांजवळ बसून पेपर वाचलासा. त्यो माणूस घसा फुटंस्तवर आरत्या म्हनतोय, आन आरत्या सरल्यावर अभ्यास म्हनतोय! तवाच वळखलं, बाटलीत काय असंल नसंल ते असू दे, ह्या पोरीचं कायतरी हाय त्यात." ते माझ्याकडं वळले. "म्हनून म्हटलं, हात जोडा. फ्रिजात वांगं ठेवलासा त्याचा राग अजून हाय, ते येगळं."

सरांनी गूळ खाल्ला, नमस्कार केला आणि बाहेर आले. यार्डात एप्रिलचं रणरणतं ऊन होतं, बैलसुद्धा सावलीला बसले होते. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

"दमट आहे आज हवा," म्हणाले.

मी त्यांच्या खिशातली पुरचुंडी काढून बघितली. खडे निळेभोर होते.

"हवा कोरडी आहे सर," मी म्हटलं. "तुम्ही गुलाबी झालाय. चला, चहा पाजते."